हेरकथेतील माणूस

दुर्ग शहराच्या शेजारी, भाताच्या खाचरांनी वेढलेले भिलाई नावाचे एक खेडे होते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलादाच्या कारखान्याचा करार झाला, तेव्हा हा दुर्ग जिल्हा ज्या मध्यप्रदेश राज्यात मोडत होता त्याची राजधानी नागपूर होती. पुढच्याच वर्षी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, छत्तीसगड नव्या मध्यप्रदेशात राहिले आणि २००० साली त्याचे स्वतंत्र राज्य झाले. करारापासून चार वर्षांनी, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी कार्यान्वित झाली. राजहऱ्याच्या डोंगरातील लोहखनिज, सोव्हिएत यंत्रे, हिंदुस्थानच्या सर्व प्रांतांतून आलेले कामगार आणि वेनियामिन दिमशित्स या मुख्य अभियंत्याच्या देखरेखीखाली काम करणारे शेकडो परदेशी तंत्रज्ञ यांच्या संयोगातून भाताच्या त्या मुलखात एक नवी नगरी उभी राहिली.

अशा या उघड्या माळावरच्या, धुराड्यांच्या नगरीचा हेरकथेशी काय संबंध, असा प्रश्न कोणाच्याही मनात यावा. परंतु तो काळ शीतयुद्धाचा होता. राउरकेला येथे जर्मन, दुर्गापूर येथे इंग्रज आणि भिलाई येथे रशियन अशी पोलादाची तिहेरी चढाओढ हिंदुस्थानच्या भूमीवर चालू होती, आणि कोणाची भट्टी आधी पेटते याकडे साऱ्या जगातील राजधान्यांचे लक्ष होते. भिलाईची अनेक अवजड यंत्रे उराल पर्वतातील स्वेर्दलोव्स्क या नगरातून, तेथल्या 'उरालमाश' या विख्यात कारखान्यातून आली. याच स्वेर्दलोव्स्कच्या आसमंतात १ मे १९६० रोजी एक अमेरिकन विमान पाडण्यात आले. पेशावरहून उडालेले ते विमान अतिशय उंचीवरून सोव्हिएत कारखान्यांची आणि क्षेपणास्त्रतळांची छायाचित्रे घेत चालले होते. भिलाईला यंत्रे पाठविणारे नगर आणि त्या पिढीतील सर्वांत गाजलेले हेरप्रकरण ज्या आकाशाखाली घडले ते नगर, ही दोन्ही एकच.

त्या विमानाचा चालक फ्रान्सिस गॅरी पॉवर्स हा हवाई छत्रीच्या आधाराने जिवंत खाली उतरला. त्याच्याजवळ एका चांदीच्या डॉलरमध्ये दडविलेली विषारी सुई होती. ती त्याने स्वतःला टोचून घेतली नाही. त्याच्या देशात या गोष्टीवरून पुष्कळ कुजबुज झाली. शूर पुरुषाने मरावयास हवे होते, असे घरी बसून म्हणणारे लोक सर्वच देशांत असतात. पुढे १० फेब्रुवारी १९६२ रोजी बर्लिनजवळच्या ग्लिनिके पुलावर त्याची अदलाबदल झाली. त्याच्या मोबदल्यात अमेरिकेने सोडलेला मनुष्य रुडॉल्फ आबेल या नावाने ओळखला जात असे. त्याचे खरे नाव विल्यम फिशर. जन्म १९०३ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे झालेला. हा गृहस्थ न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात छायाचित्रकार आणि हौशी चित्रकार म्हणून वर्षानुवर्षे राहत होता. शेजारच्या तरुण चित्रकारांशी तो कलेवर वाद घालीत असे. ब्रुकलिनमधील एका वर्तमानपत्र विकणाऱ्या मुलाच्या हातून १९५३ साली पाच सेंटांचे एक नाणे खाली पडले, त्याची दोन शकले झाली आणि आतून चिमुकले छायाचित्र निघाले. हेरांसाठी बनविलेले ते पोकळ नाणे चुकून बाजारात खर्ची पडले होते. चार वर्षांनी आबेलचाच एक व्यसनाधीन साहाय्यक शत्रूला जाऊन मिळाला, तेव्हा कोठे त्या नाण्याचा उलगडा झाला आणि आबेल पकडला गेला. एकाच्या हातून निसटलेले नाणे, दुसऱ्याचे दारूचे व्यसन, तिसऱ्याने न टोचलेली सुई: एवढ्या सामान्य मानवी गोष्टींतून हा सारा इतिहास घडला.

ज्या वर्षी पुलावर ही अदलाबदल झाली त्याच १९६२ साली जेम्स बाँडचा पहिला चित्रपट पडद्यावर आला. या नायकाला भीती ठाऊक नाही, थकवा ठाऊक नाही. त्याचा नेम चुकत नाही आणि कपड्यांची घडीही मोडत नाही. त्याची लोकप्रियता अफाट झाली यात नवल नाही. दमलेल्या मनुष्याला न दमणारा नायक आवडतोच. मात्र न्यायाने एक गोष्ट नमूद केली पाहिजे. इयान फ्लेमिंगच्या १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या कादंबरीतील बाँड असा नव्हता. तो पकडला जातो, त्याचा अमानुष छळ होतो, आणि रुग्णालयात पडल्या पडल्या आपण ज्याला शत्रू म्हणतो तो खरोखरच दुष्ट आणि आपण खरोखरच सज्जन का, असा प्रश्न त्याला पडतो. नोकरी सोडण्याचा विचारही तो करतो. पडद्याने हा प्रश्न पुसून टाकला आणि नुसता सूट शिल्लक ठेवला.

लगेच पुढच्या वर्षी, १९६३ मध्ये, जॉन ल कारे या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका इंग्रज लेखकाची तिसरी कादंबरी प्रसिद्ध झाली आणि वाचकांना अगदी निराळाच हेर भेटला. लेखक स्वतः इंग्रजांच्या गुप्तहेर खात्यात नोकरीला होता. त्याचा नायक लीमस हा पन्नाशीचा, थकलेला, कर्जात बुडालेला इसम. आपण कोणासाठी आणि कोणाविरुद्ध झगडत आहो याचा त्यालाच पत्ता नसतो, आणि तो पत्ता लागतो तेव्हा बर्लिनच्या भिंतीपाशी त्याचा शेवट होतो. याच लेखकाने निर्माण केलेला जॉर्ज स्मायली तर बुटका, लठ्ठ, अंगाला न बसणारे कपडे घालणारा. बायको वारंवार सोडून जाणारा. तरीही जगभरच्या वाचकांनी या माणसावर जीव लावला. त्याच्याही आधी, १९२८ साली, सॉमरसेट मॉमने पहिल्या महायुद्धातील आपल्या स्वित्झर्लंडमधील हेरगिरीच्या अनुभवांवर कथा लिहिल्या. त्यांतील ॲशेंडेनचे काम बहुतेक वेळा एखाद्या कचेरीतील कारकुनासारखे आहे: वाट पाहणे, अहवाल लिहिणे, आणि त्या अहवालाचे पुढे काय झाले हे कधीही न कळणे.

हा थकलेला, घाबरणारा हेर पाश्चात्त्यांनी विसाव्या शतकात शोधून काढला, असे पुष्कळ वेळा म्हटले जाते. हिंदुस्थानचा अनुभव याहून फार जुना आहे.

म्हैसूरचे पंडित शामशास्त्री यांनी १९०९ मध्ये कौटिल्याचे अर्थशास्त्र छापून प्रसिद्ध केले, तेव्हा त्यातील गूढपुरुषांचे प्रकरण वाचून लोक चकित झाले. कौटिल्याने हेर म्हणून कोणाला नेमावे असे सांगितले आहे? शेती बुडालेला शेतकरी, व्यापार बसलेला वाणी, संन्यासातून परत फिरलेला बैरागी, पोटाची ददात असलेला तापसी. त्यांच्या ठायी बुद्धी आणि सचोटी असावी एवढीच त्याची अट आहे. पराक्रमाचे, देखणेपणाचे, शस्त्रविद्येचे नावही तेथे नाही. ज्याचे एकदा सर्वस्व गेले आहे तो मनुष्य गर्दीत कोणाच्या डोळ्यांत भरत नाही आणि त्याला गरज असते, हे त्या कठोर मुत्सद्द्याने ओळखले होते. त्याने आणखी एक नियम घालून दिला आहे. एकमेकांना न ओळखणाऱ्या तीन हेरांनी आणलेली बातमी जुळली तरच ती खरी मानावी. म्हणजे एकट्याने राज्य वाचविणारा नायक या शास्त्रात मुळी बसतच नाही. कौटिल्याच्या मते हेर हा तीन साक्षीदारांपैकी एक, आणि त्याच्यावर संपूर्ण विश्वास ठेवणे हे राजाचे काम नव्हे.

विशाखदत्ताच्या मुद्राराक्षस नाटकात हा हेर रंगभूमीवर चालताबोलता दिसतो. निपुणक नावाचा चाणक्याचा हेर यमाचे चित्रपट दाखवीत, गाणी म्हणत घरोघर हिंडतो. चंदनदास नावाच्या जवाहिऱ्याच्या घरी तो गात असता एक पाच वर्षांचे मूल कुतूहलाने दाराबाहेर धावते. आतून एका स्त्रीचा हात त्याला मागे ओढावयास पुढे येतो. त्या गडबडीत बोटातील सैल अंगठी निसटते आणि घरंगळत निपुणकाच्या पायाशी येऊन थांबते. ती राक्षस या अमात्याची मुद्रा असते, आणि तिच्यावर पुढचे सारे राजकारण उभे राहते. निपुणकाने येथे शौर्य गाजविले नाही. तो योग्य दारात उभा होता आणि त्याने खाली पाहिले, एवढेच. ब्रुकलिनच्या त्या मुलाच्या हातून पडलेले नाणे आणि या अंगठीचे घरंगळणे यांत शतकानुशतकांचे अंतर आहे, परंतु दोहोंची जात एकच. लेखकाने अशी घरंगळणारी अंगठी दाखविली की प्रेक्षक मान डोलावतो, कारण आपल्या स्वतःच्या घरातही वस्तू अशाच निसटतात हे त्याला माहीत असते.

मराठ्यांच्या इतिहासात हेरांना जासूद, नजरबाज, हरकारे अशी नावे आहेत, आणि बातमी आणणारा व पत्र पोचविणारा यांत फार भेद केलेला नाही. पेशवाईच्या कागदपत्रांत पत्र घेऊन निघालेल्या 'जोडी'चा उल्लेख वारंवार येतो. एकाला ताप आला, एकाला साप चावला, एकाला वाटेत कापून टाकले, तरी दुसऱ्याने पोचावे, हा त्यातील हिशेब. अजुरा म्हणजे मजुरी घेऊन निघणाऱ्या या अजुरदारांची नावे बहुधा कोठे नोंदलेली नाहीत. किती दिवसांत पोचावयाचे ते मात्र नोंदलेले असते. पानिपतच्या संहाराची बातमी नानासाहेब पेशव्यांना जानेवारी १७६१ मध्ये भेलशाच्या मुक्कामी कळली, ती सावकारी पेढीच्या एका पत्रावरून. माणसांच्या जागी मोती, मोहरा आणि खुर्दा असे शब्द घालून ते पत्र लिहिलेले होते. ज्या जासुदाजवळ ते सापडले, त्याला आपण आपल्या कमरेला केवढे दुःख बांधून धावत आहो याची कल्पना तरी होती काय? एखाद्या कादंबरीकाराने त्या मनुष्याचा माग काढावयास हवा होता.

मराठी माणसाच्या मनातील हेरांचा राजा म्हणजे बहिर्जी नाईक. त्याच्याविषयी आज नाटके आहेत, कादंबऱ्या आहेत, पोवाडे आहेत. क्षणात फकीर, क्षणात वासुदेव, क्षणात बादशहाच्या दरबारातील पाहुणा होणारा, पशुपक्ष्यांची भाषा बोलणारा असा बहिर्जी लहान मुलांनाही ठाऊक असतो. अस्सल साधनांकडे वळले तर मात्र फार थोडे हाती लागते. कृष्णाजी अनंत सभासद याने जिंजी येथे राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून शिवछत्रपतींचे चरित्र लिहिले. शिवकालाला सर्वांत जवळची बखर ती हीच. तीत हा बहिर्जी जाधव येतो तो मुख्यतः दोन प्रसंगी. पहिला प्रसंग सुरतेचा. जानेवारी १६६४ मध्ये महाराजांनी सुरत लुटली, त्यापूर्वी बहिर्जीने तेथे जाऊन ते शहर किती संपन्न आहे आणि ते मारले तर किती द्रव्य सापडेल याची बातमी आणली. दुसरा प्रसंग १६७९ सालच्या अखेरचा. जालना लुटून परतताना संगमनेराकडे मोगलांनी मराठ्यांना गाठले. घनघोर लढाई झाली, सिधोजी निंबाळकर पडला, आणि आणखी मोठी फौज चालून येत आहे अशी वार्ता आली. लुटीने लादलेली जनावरे, जखमी माणसे आणि खुद्द राजा अशी सारी मंडळी पेचात सापडली. तेव्हा बहिर्जीने वाट दाखविण्याची जबाबदारी पत्करली. तीन दिवस आणि तीन रात्री आडवाटेने चालवीत त्याने सर्वांना पट्टा किल्ल्यावर सुखरूप नेले. महाराजांनी तेथे विसावा घेतला, आणि त्या किल्ल्याला विश्रामगड हे नाव मिळाले.

या दोन नोंदी नीट वाचल्या म्हणजे ध्यानात येते की त्यांत वेषांतर नाही, तलवारीचे हात नाहीत, तटावरून उडी नाही. पाहणे आणि चालणे एवढेच आहे. सुरतेत त्याने पेढ्या, वखारी, तटबंदी, पहाऱ्याची ढिलाई पाहिली असेल. संगमनेराच्या डोंगरांत त्याला पायाखालची वाट ठाऊक होती. ती वाट ठाऊक होण्यासाठी तो पूर्वी कितीदा त्या रानातून एकटा, उपाशीपोटी हिंडला असेल याचा हिशेब बखरकाराने दिलेला नाही. बहिर्जीचे मोठेपण त्या न दिलेल्या हिशेबात आहे. त्याला बहुरूपी करून टाकणाऱ्या कथा रंजक असतील, परंतु त्या त्याचे खरे कसब झाकून टाकतात. तीन रात्री अंधारात पाठीमागून येणाऱ्या हजारो पावलांचा भार आपल्या एका पावलावर आहे हे जाणून जो पुढे चालला, त्याला भीती वाटली नसेल असे मानणे म्हणजे त्याचा अपमान करणे होय.

छत्तीसगडात मराठी माणसे भिलाईच्या कारखान्याबरोबर प्रथम आली असा समज असल्यास तो खरा नाही. नागपूरकर रघूजी भोसल्यांचा सेनापती भास्करपंत १७४१ मध्ये रतनपूरवर चालून गेला, तेव्हापासून हा मुलूख भोसल्यांच्या छायेत आला. पुढे बिंबाजी भोसल्यांनी तेथे राहून कारभार केला. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत, मधली काही वर्षे वगळता, मराठ्यांचा अंमल तेथे होता. ती मधली वर्षे कशी आली ही कथाही एखाद्या रहस्यकथेला शोभणारी आहे. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली. अप्पासाहेब भोसल्यांना इंग्रजांनी पुढे कैद करून अलाहाबादेकडे रवाना केले. मे १८१८ मध्ये, वाटेत, पहाऱ्यातील काही शिपाई फितवून अप्पासाहेब शिपायाच्या वेषात निसटले आणि महादेवाच्या डोंगरात गेले. पुष्कळ भटकंतीनंतर १८४० मध्ये जोधपुरास त्यांचा अंत झाला. इकडे छत्तीसगडावर इंग्रज अधिकारी बसले ते १८३० पर्यंत. राजा शिपायाच्या पोशाखात पळाला हे सर्व इतिहासकार सांगतात. त्याला आपला पोशाख कोणी दिला, आणि देणाऱ्याचे मागाहून काय झाले, हे सांगण्याची निकड कोणाला वाटत नाही. हेरकथेचे खरे बीज त्या पोशाख देणाऱ्या शिपायापाशी आहे.

मराठी वाचकाला रहस्यकथेची गोडी खऱ्या अर्थाने लावली ती बाबूराव अर्नाळकरांनी. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे खरे नाव. १९०६ ते १९९६ असे दीर्घ आयुष्य लाभलेल्या या लेखकाने हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड हे त्यांचे नायक महाराष्ट्राच्या घराघरांत पोचले. विद्वानांनी नाके मुरडली, आणि त्याच विद्वानांची मुले उशीखाली ती पुस्तके ठेवून झोपली. अर्नाळकरांची भाषा सुबोध, प्रसंग वेगवान. ज्यांनी आयुष्यात दुसरे पुस्तक हाती धरले नसते अशा हजारो लोकांना त्यांनी वाचनाची सवय लावली, हे ऋण लहान नाही. त्यांच्या मागून आलेल्या गुरुनाथ नाईकांनीही हजाराच्या घरात कथा लिहिल्या आणि कॅप्टन दीपसारखा लष्करी बाण्याचा नायक मराठीला दिला. तथापि हे नायक सहसा हरत नाहीत. पुस्तक मिटले की नायक दुसऱ्या दिवशी पुन्हा ताजातवाना होतो, जणू आदल्या रात्री काही घडलेच नाही. अशी पुस्तके मोजता येत नाहीत इतकी वाचली जातात, परंतु त्यांतील एखादा नायक वाचकाबरोबर म्हातारा होत नाही.

हिंदी मुलखातील मराठी वाचकाला आणखी एक दालन खुले होते. मुंबई-हावडा लोहमार्गावरील दुर्ग, रायपूर यांसारख्या स्थानकांतून हिंदी जासूसी कादंबऱ्या प्रवाशांच्या हाती पडत. इब्ने सफी यांच्या 'जासूसी दुनिया'ला १९५२ मध्ये अलाहाबादेहून प्रारंभ झाला. लेखक त्याच वर्षी पाकिस्तानात गेले, तरी त्यांची पुस्तके सीमेच्या दोन्ही बाजूंना वाचली जात राहिली, ही गोष्ट दोन्ही सरकारांना जमली नाही ती एका कथालेखकाला जमली, असे म्हणावयास हरकत नाही. उर्दूतला कर्नल फरीदी हिंदीत कर्नल विनोद झाला. हा कर्नल सर्वगुणसंपन्न, निर्व्यसनी, निर्मोही. परंतु वाचकांचा जीव जडला तो त्याच्या साहाय्यकावर, कॅप्टन हमीदवर. हमीद आळशी, खोडकर, कामचुकार. बोकड पाळणारा आणि उठल्यासुटल्या प्रेमात पडणारा. संकट आले की तो प्रथम कुरकुर करतो आणि मग जातो. कर्नलाबद्दल वाचकाला आदर वाटला, हमीदची मात्र त्याला काळजी वाटली. हेरकथेत काळजी वाटणे हीच मुख्य गोष्ट आहे. जो मरणार नाही असे पहिल्या पानापासून ठाऊक असते, त्याच्यासाठी कोणाचाही श्वास रोखला जात नाही.

साम्राज्याचा भाट म्हणून ज्याची निर्भर्त्सना झाली त्या किपलिंगनेसुद्धा हे जाणले होते. त्याच्या 'किम' या १९०१ सालच्या कादंबरीत हरीबाबू नावाचा एक बंगाली हेर आहे. तो स्थूल आहे, पढीक आहे, आणि आपण भित्रे आहो असे स्वतःच पुन्हा पुन्हा सांगतो. तरीही हिमालयात दोन परकीय हेरांना वाटेला लावण्याचे सर्वांत अवघड काम तोच पार पाडतो. लेखकाने त्याला थोडे हास्यास्पद करावयाचा प्रयत्न केला आहे. बाबू लेखकाच्या हातून निसटून मोठा झाला आहे.

भिलाईत ज्या देशाचे तंत्रज्ञ राहत होते त्या देशातही हेरकथेने हेच वळण घेतले. युलियन सेम्योनोव्ह याच्या कादंबरीवरून १९७३ मध्ये मॉस्कोच्या दूरचित्रवाणीवर बारा भागांची एक मालिका दाखविण्यात आली. तिचा नायक श्टिर्लिट्स हा जर्मन अधिकाऱ्याच्या गणवेषात वर्षानुवर्षे शत्रूच्या गोटात राहणारा रशियन. या मालिकेत गोळीबार अगदी बेताचा आहे. प्रेक्षकांच्या मनात कायमचा राहिलेला प्रसंग तर पूर्ण नि:शब्द आहे. दहा वर्षे न भेटलेल्या पत्नीला एका उपाहारगृहात आणून बसविले जाते. पलीकडच्या टेबलावर श्टिर्लिट्स बसलेला आहे. दोघांनी काही मिनिटे एकमेकांकडे पाहावयाचे, ओळख दाखवावयाची नाही, बोलावयाचे नाही. मग ती उठून जाते. बाँडच्या कोणत्याही स्फोटापेक्षा ही शांतता अधिक भेदक आहे, कारण घरापासून दूर नोकरी करणाऱ्या कोणालाही तिचा अर्थ सांगावा लागत नाही.

या काल्पनिक हेराच्या मागे एक खरा हेर उभा आहे. रिचर्ड झोर्गे हा जर्मन पत्रकार म्हणून टोकियोत राहत असे आणि मॉस्कोसाठी हेरगिरी करीत असे. जर्मन वकिलातीत त्याचा राबता होता. तो अतोनात मद्यपान करी. १९३८ मध्ये मोटारसायकलवरून जाताना त्याला भयंकर अपघात झाला. तोंडात रक्त, जबडा मोडलेला, अशा स्थितीत आपला सहकारी रुग्णालयात येऊन खिशातील गुप्त कागद ताब्यात घेईपर्यंत तो शुद्ध धरून राहिला. १९४१ साली जर्मनी रशियावर स्वारी करणार असल्याची सूचना त्याने आधीच पाठविली. स्टालिनने तिच्यावर विश्वास ठेवला नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात झोर्गे पकडला गेला आणि ७ नोव्हेंबर १९४४ रोजी टोकियोच्या तुरुंगात फाशी गेला. त्याच्या देशाने त्याला वीस वर्षे ओळख दिली नाही. १९६४ साली, म्हणजे भिलाईच्या कारखान्याचा पहिला विस्तार चालू असताना, मॉस्कोने त्याला एकाएकी 'सोव्हिएत संघाचा वीर' ही पदवी दिली. तोपर्यंत त्याची आठवण ठेवणारी एक जपानी स्त्री होती, हानाको इशी. तिने युद्धानंतर तुरुंगाच्या दफनभूमीत त्याचे अवशेष शोधून काढले, त्याच्या दातांवरून आणि मोडलेल्या हाडांवरून ते ओळखले, आणि टोकियोजवळच्या तामा येथे त्यांचे विधिवत दफन केले.

अबोल राज्यसत्ता आणि तिच्यासाठी झिजणारा मनुष्य यांतील हा व्यवहार ज्या कथेत दिसतो ती हेरकथा वाचक पुन्हा उघडतो. अलीकडे, २०१८ साली, 'राझी' या हिंदी चित्रपटाने हेच दाखवून दिले. शत्रूच्या घरात सून म्हणून गेलेली कोवळी मुलगी तेथल्या माणसांना फसविते, त्यांच्या मरणाला कारण होते, आणि परत येते ती विजयी होऊन नव्हे. टाळ्या वाजवावयास आलेले प्रेक्षक गप्प होऊन बाहेर पडले.

सांगली जिल्ह्यातील बाणूरगडावर बहिर्जी नाईकांची समाधी म्हणून एक स्थान दाखवितात. तो तेथे हेरगिरीवर असता मारला गेला, असे कोणी म्हणतात. कोणी म्हणतात, जखमी होऊन तेथवर आला आणि महादेवाच्या देवळापाशी त्याने प्राण सोडला. बखरीत यांतले काहीच नाही. पट्टा किल्ल्यावर सर्वजण विसाव्याला टेकले, महाराजांनी त्याला नावाजले, येथपर्यंत सभासद त्याच्याबरोबर आहे. तेथून पुढची बहिर्जीची वाट त्याने लिहून ठेवलेली नाही.